जबड्याच्या सांध्यावरचा ताण आणि हाडाची झीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जबड्याच्या सांध्याची झीज म्हणजे नेमकं काय झिजतं?

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं टोक, म्हणजे कॉन्डाइल. ते आडवं १५ ते २० मिमी रुंद असतं आणि पुढून मागे जेमतेम ८ ते १० मिमी. कवटीच्या खोबणीत ते बसतं आणि दोघांच्या मध्ये एक चकती असते. ही चकती मध्यभागी साधारण १ मिमी जाडीची, तर मागच्या कडेला सुमारे ३ मिमी असते. तोंड उघडताना पहिले २०-२५ मिमी कॉन्डाइल जागच्या जागी फिरतं, त्यापुढे चकतीला सोबत घेऊन पुढे घसरतं.

झीज होते ती या कॉन्डाइलची. आधी वरचा कुर्चेचा, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत लवचिक आवरणाचा थर जातो, मग त्याखालचं कठीण कवच आणि मग आतलं जाळीदार हाड. गोलावा जाऊन टोक सपाट होतं, उंची घटते. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड जातं, तो प्रकार पूर्ण निराळा. रिपोर्टमध्ये 'बोन लॉस' एवढंच लिहिलं असेल तर कुठलं हाड, हे आधी विचारून घ्या.

ताण पडला की हाड मजबूत होतं असं ऐकलंय. मग इथे उलटं का?

ऐकलंय ते बरोबर आहे. हाड भारानुसार स्वतःला घडवतं, हा नियम ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडला होता. जबड्यालाही तो लागू आहे. चावणं हा या सांध्याचा व्यायामच आहे. बिघडतं ते भार सतत राहिल्यामुळे, मध्ये सुटका न मिळाल्यामुळे.

सांध्याच्या आत काय होतं ते पाहू. कॉन्डाइलवरच्या कुर्चेला आणि चकतीच्या मधल्या भागाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यांचं पोषण सांध्यातल्या वंगणद्रवातून होतं आणि हा द्रव वरच्या कप्प्यात फार तर १ मिलीच्या आसपास असतो. चावताना दाब येतो, सुटतो, पुन्हा येतो. त्यातूनच द्रव आतबाहेर खेळतो. पण दात घट्ट आवळून धरले की दाब चढतो आणि तिथेच थांबतो. सांध्यात सुई घालून प्रत्यक्ष मोजलेला दाब काही व्यक्तींत दात आवळल्यावर पाऱ्याच्या २०० मिमीपर्यंत गेलेला आढळला आहे. बीपी मोजताना वरचा आकडा १२० च्या आसपास असतो आणि सांध्याच्या अस्तरातल्या बारीक केशवाहिन्यांतला दाब त्याच्याही कितीतरी खाली. म्हणजे दात आवळलेले असतील तेवढा वेळ अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, आणि सोडले की रक्त एकदम परत धावतं.

ऑक्सिजन तुटणं आणि एकदम परत येणं, या चक्रात मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) तयार होतात. ते वंगणद्रवातल्या हायलुरॉनिक आम्लाचे तुकडे करतात. वंगण पातळ झालं की घर्षण वाढतं, चकती चिकटते, हळूहळू जागेवरून सरकते आणि तिने वाटून घ्यायचा भार थेट हाडाच्या छोट्याशा भागावर येतो. दुसरीकडे दाहकारक रसायनं, म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ आणि ६, वाढतात. त्यांच्या इशाऱ्यावर ऑस्टिओक्लास्ट या हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात. जोडीला एमएमपी नावाची विकरं कुर्चेतलं कोलॅजन तोडतात. यांत्रिक ताणाचं रूपांतर हाडाच्या झिजेत कसं होतं याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण हे असं आहे.

वेळेचं गणितही हाडाच्या बाजूचं नाही. एखादी जागा पोखरायला या पेशींना दोन-तीन आठवडे पुरतात. तीच जागा नव्या हाडाने भरायला तीन-चार महिने लागतात. म्हणून पंधरा दिवस आराम केला, मग पुन्हा पूर्वीसारखं सुरू केलं, याचा हाडाला फारसा उपयोग नाही.

मग चावणंच बंद केलं तर? किंवा बोटॉक्स घेऊन स्नायू शिथिल केला तर?

नको. भार पूर्ण काढून घेतला तरी हाड पातळ होतं. मऊ खाण्यावर वाढवलेल्या उंदरांमध्ये कॉन्डाइलची कुर्चा पातळ राहते. सशांच्या चावण्याच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्समधलंच औषध) दिल्यावर त्या बाजूच्या कॉन्डाइलचं हाड कमी झालेलं दिसलं आहे. माणसांतले निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवर) आधीच झीज दिसत असताना, केवळ चेहरा निमुळता दिसावा म्हणून दर काही महिन्यांनी मॅसेटर या गालातल्या चावण्याच्या स्नायूत इंजेक्शन घेणं आम्हाला अजिबात पटत नाही. दुखणं आटोक्यात येत नसेल तर मर्यादित मात्रा, मोजके वेळा, आणि हाडावर लक्ष ठेवून; तेही सांध्याचं काम जाणणाऱ्या डॉक्टरांकडेच.

कोणते ताण खरोखर मोजण्यासारखे आहेत?

सर्वांत वर दात आवळणं. निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात चोवीस तासांत मिळून साधारण २० मिनिटंच एकमेकांना टेकतात, तेही बहुतेक चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले असले तरी दातांत २ ते ४ मिमी फट असते. हिंजवडीत दिवसभर स्क्रीनपुढे बसणारे, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत आठ-दहा तास पुस्तकात डोकं घालणारे, यांना विचारलं तर "मी दात आवळत नाही" असंच उत्तर येतं. त्याच क्षणी तपासायला सांगितलं तर दात टेकलेले निघतात. हलकाच स्पर्श असतो, पण तो तासन् तास असतो.

झोपेत दात खाणं हे त्याहून जोरकस. जागेपणी दाढांवरचा कमाल जोर साधारण ५०० ते ७०० न्यूटन असतो. झोपेत वेदनेचा लगाम सुटलेला असतो, त्यामुळे तो त्याच्याही वर जाऊ शकतो. रात्री उशिरा चहा-कॉफी, दारू, सिगारेट, घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तो वाढू शकतो. गोळी मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

पुढच्या दातांनी कडक वस्तू तोडणं हा तिसरा. फुलका उलटायच्या चिमट्यासारखी जबड्याची रचना आहे: जोर मध्ये लावायचा, काम टोकाला, आणि दाब मागच्या वळणावरही येतो. वस्तू जितकी पुढे धरावी तितका वळणावरचा वाटा वाढतो. म्हणून ऊस किंवा मक्याचं कणीस दातांनी सोलणं हे दाढेने तेवढंच कडक चावण्यापेक्षा सांध्याला जास्त जड जातं. एकाच बाजूने चावण्याचीही एक गंमत लक्षात ठेवा: उजवीकडे चावलं की भार बऱ्याचदा डाव्या सांध्यावर जास्त येतो. दुखणारी बाजू 'वाचवताना' उलट तिच्यावरच बोजा पडू शकतो.

मग अचानक येणारे भार. दुचाकीवरून हनुवटीवर पडलं की धक्का सरळ दोन्ही कॉन्डाइलपर्यंत जातो. हनुवटीला टाके पडले असतील तर सांध्याची तपासणी झालीच पाहिजे, लहान मुलांत तर नक्कीच. कॉन्डाइल मोडल्याचं लक्षात आलं नाही तर पुढे सांधा जखडतो. अक्कलदाढ काढताना तोंड खूप वेळ ताणलेलं राहणं, जबड्याच्या शस्त्रक्रियेत कॉन्डाइल मागे ढकललं जाणं किंवा पिळलं जाणं, हेही याच गटातले.

सुपारी आणि गुटखा यांबद्दल वेगळं सांगायला हवं. तासन् तास कडक तुकडा चघळणं हा सांध्यावरचा ताण आहेच, शिवाय सुपारीने गालाचं अस्तर आखडून तोंड उघडेनासं होतं. तोंड कमी उघडतंय म्हणून आलेल्या माणसात दोष सांध्याचा की अस्तराचा, हे आधी वेगळं करावं लागतं.

ढोल-ताशा पथकात आहे. सराव बंद करावा लागेल का?

बहुधा नाही. प्रश्न ढोलाचा नसतो. जोराने टिपरू मारताना अनेक जण दात आवळून धरतात, आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने हे रोज होतं. वाजवताना जीभ टाळूला लावून दात सुटे ठेवायची सवय करा. सरावानंतर जबडा जड वाटणं अर्ध्या तासात गेलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिलं, किंवा चावा, म्हणजे मिटल्यावर वरचे-खालचे दात जुळण्याची पद्धत, बदलल्यासारखा वाटला, तर त्या हंगामात विश्रांती घ्या. खड्ड्यातून आणि स्पीडब्रेकरवरून गाडी चालवताना दात आवळणाऱ्यांनाही हेच लागू.

इतके लोक दात खातात, मग हाड काहींचंच का झिजतं?

कारण ताण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे सांध्याची सोसण्याची ताकद. १९९६ मध्ये अर्नेट, मिलम आणि गॉट्समन यांनी हेच मांडलं: भार सोसण्याच्या कुवतीत असला तर सांधा स्वतःला जुळवून घेतो, भार वाढला किंवा कुवत घटली तर झिजू लागतो. भार अगदी साधा असूनही कुवत खालावलेली असेल तर झीज होते, हे ध्यानात घेतलं नाही तर उपचार अर्धवट राहतात.

कुवत कशाने घटते? संधिवात, लहान वयातला संधिवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारखे आजार, दीर्घकाळ स्टेरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, पॅराथायरॉइडचे दोष. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन कमी असणं. ज्या झिजेचं कारण हाती लागत नाही, तिचे जगभरच्या नोंदींतले बहुसंख्य रुग्ण १५ ते ३५ वयाच्या मुली आणि स्त्रिया आहेत. चेहऱ्याची ठेवणही मोजली जाते: हनुवटी मागे, खालच्या जबड्याची कड खूप तिरकी, कॉन्डाइलची मान बारीक आणि मागे झुकलेली असेल तर धोका जास्त.

तोंड उघडताना 'कट्' आवाज येतो. झीज सुरू झाली का?

नुसता 'कट्', दुखणं नाही, तोंड पूर्ण उघडतंय. तर तो बहुधा चकती जागेवर येतानाचा आवाज. असे असंख्य लोक आयुष्यभर सुखाने जेवतात. त्यावर उपचार नकोत.

'करकर', वाळूवर पाय पडावा तसा खरखरीत आवाज मात्र हाडाच्या पृष्ठभागाचा असू शकतो. त्याची तपासणी करावी. कट् आवाज अचानक बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड कमी उघडायला लागलं, तर आवाज 'बरा' झालेला नाही. चकती पुढे अडकली आहे. अशा वेळी पहिल्या काही आठवड्यांत दाखवलेलं बरं.

काहीच दुखत नाही, पण पुढचे दात पूर्वीसारखे मिटत नाहीत. काळजी करावी का?

हो, लगेच. हे लक्षण सर्वांत जास्त दुर्लक्षिलं जातं, कारण वेदना नसते. दोन्ही कॉन्डाइलची उंची घटली की शेवटच्या दाढा आधी टेकतात, जबडा त्यांच्यावर टेकून फिरतो आणि पुढच्या दातांत फट पडते. शेवया किंवा पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही, 'स' उच्चारताना हवा सुटते, फोटोत हनुवटी मागे गेलेली दिसते. एकाच बाजूची झीज असेल तर हनुवटी त्या बाजूला वळते आणि तोंड उघडतानाही तिकडेच झुकतं. जबडा मागे गेल्याने जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होऊन घोरणं सुरू झाल्याचंही दिसतं.

आई-वडिलांनी मुलीचे दोन वर्षांपूर्वीचे बाजूने काढलेले फोटो आणि आजचे शेजारी ठेवून पाहावेत. दात सरळ करायच्या क्लिपा काढल्यानंतर फट पडली की "रिटेनर (दात जागेवर ठेवणारी पट्टी) घातलं नसेल" असं म्हणून विषय संपवला जातो. रिटेनर नीट वापरूनही फट वाढत असेल तर सांध्याकडे बघायला सांगा.

कोणत्या तपासण्या कराव्यात? ओपीजी पुरेसा आहे का?

ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एकच सपाट एक्स-रे, ही सुरुवात आहे. त्यात कॉन्डाइलची ढोबळ उंची आणि दोन्ही बाजूंतला फरक कळतो, पण बारीक खड्डे लपतात आणि डोकं थोडं तिरकं ठेवलं तरी आकार फसवा येतो. हाडासाठी सीबीसीटी. सांगताना एवढं स्पष्ट लिहून घ्या: दोन्ही सांधे, दात नेहमीच्या चाव्यात मिटलेले, व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत छोटा ठोकळा) ०.३ मिमी किंवा त्याहून बारीक, आणि काप कॉन्डाइलच्या लांब अक्षाला समांतर व काटकोनात. सरळ पुढून-मागून घेतलेले काप तिरक्या कॉन्डाइलला नीट दाखवत नाहीत.

चित्रात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वरची पांढरी रेघ. निरोगी कॉन्डाइलच्या माथ्यावर कवचाची अखंड, पातळ, शुभ्र कड दिसते. झीज चालू असेल तर ती कड मध्येच तुटते. तिथे करडा, कुरतडल्यासारखा खड्डा दिसतो, कधी खाली छोटी पोकळी. झीज थांबलेली असेल तर कॉन्डाइल सपाट, बुटकं, पुढे चोचीसारखा कंगोरा आलेलं असेल, पण पांढरी रेघ पुन्हा अखंड झालेली असते. आकार कुरूप पण रेघ अखंड, ही चांगली बातमी आहे. आकार जवळजवळ नीट पण रेघ तुटलेली, ही सावध व्हायची. 'डीजनरेटिव्ह चेंजेस' (झिजेचे बदल) एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. कड अखंड आहे का, हे रेडिओलॉजिस्टना विचारा.

चकती, सांध्यातलं पाणी आणि हाडातली सूज यांसाठी एमआरआय, तोंड मिटून आणि उघडून असा दोन्ही स्थितींत. हाड स्थिर झालं का याचा निर्णय एका चित्रावर होत नाही. ६ ते १२ महिन्यांनी त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने पुन्हा सीबीसीटी काढून तुलना करतात. शंका राहिलीच तर टेक्नेशियमचा बोन स्कॅन; पण वाढत्या वयातल्या मुलांत तो वाढीमुळेही उजळ दिसतो.

रक्ताच्या तपासण्या कशासाठी?

ताण कमी करूनही झीज चालू राहिली, किंवा दोन्ही बाजू एकदम झिजत असल्या, तर कुवत का घटली ते शोधायला. दाह आणि संधिवात ओळखायला ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड. पाळी अनियमित असेल तर इस्ट्राडायोल. सकाळी बोटं आखडणं, मनगट सुजणं, टाच दुखणं हे दातांच्या डॉक्टरांनाही सांगा. एरवी लोक सांगत नाहीत, कारण संबंध असेल असं वाटत नाही.

पुण्यात कुठे दाखवावं?

दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात सुरुवात करणं सोयीचं: कॅम्पातलं आझम कॅम्पस, धनकवडी, वडगाव बुद्रुक, पिंपरी इथे ती आहेत. केसपेपर काढताना 'ओरल मेडिसिन' विभाग सांगा. गरजेप्रमाणे तिथून मुखशल्यचिकित्सा, क्लिपांचा आणि कृत्रिम दातांचा विभाग एकाच आवारात मिळतात. संधिवाताची शंका असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाततज्ज्ञांना) समांतर दाखवा, एकानंतर एक नको.

स्प्लिंट म्हणजे काय, आणि कोणतं घ्यावं?

दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची पट्टी. ती दात खाणं थांबवत नाही. आवळण्याचा जोर सगळ्या दातांवर वाटते आणि सांध्यातला दाब उतरवते. संपूर्ण ओळ झाकणारी, दाढांशी सुमारे २ मिमी जाड, वरून सपाट अशीच घ्या. फक्त पुढच्या दातांवरची छोटी पट्टी झीज असलेल्यांनी टाळावी: मागच्या दाढांना आधार न राहिल्याने त्या वर येऊ शकतात आणि पुढची फट आणखी वाढते. बाजारात गरम पाण्यात मऊ करून बसवायची पट्टी मिळते. ती रबरासारखी असल्याने काही जण ती चघळत बसतात, आवळणं वाढतं.

बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात. नीट बसलेल्या स्प्लिंटवर दोन्ही बाजूंच्या दाढांचे ठिपके सारख्याच गडद उमटतात, पुढच्या दातांचे थोडे फिके. पहिली फेरी एक-दोन आठवड्यांत, मग महिन्याने. या फेऱ्या चुकवल्या तर स्प्लिंटचा निम्मा उपयोग जातो, कारण ठिपकेच सांध्याची हालहवाल सांगतात. सुरुवातीला सूज उतरते तेव्हा ते थोडे बदलतात, घासून दुरुस्त करता येतात. पण तीन-चार महिन्यांनंतरही दर वेळी पुढचे ठिपके नाहीसे होऊन फक्त शेवटच्या दाढेचा गडद होत असेल, तर कॉन्डाइलची उंची अजून घटते आहे असं समजून पुन्हा सीबीसीटी काढावा.

साधारणपणे फक्त रात्री वापरा. गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्यात टाकू नका, उन्हातल्या गाडीत ठेवू नका. वाकडं झालेलं स्प्लिंट स्वतःच चुकीचा भार टाकतं.

घरी काय करता येईल?

दिवसाच्या आवळण्यावर सर्वांत जास्त तुमचाच ताबा आहे, म्हणून सुरुवात तिथून. 'न' म्हणा. जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, ओठ अलगद मिटा, दात सुटे. हीच जबड्याची विश्रांतीची जागा. स्क्रीनच्या कोपऱ्यावर, फ्रिजवर, गाडीच्या स्पीडोमीटरजवळ, मोबाइलच्या पाठीवर छोट्या टिकल्या चिकटवा. टिकली दिसली की तपासायचं: दात टेकलेत का? टेकले असतील तर 'न'. टिकल्या दर आठवड्याला जागा बदलून लावा. एकाच जागी राहिल्या की नजर त्यांना सरावते.

जीभ टाळूला ठेवूनच आरशासमोर तोंड हळू उघडा, हनुवटी सरळ रेषेत. जीभ सुटेल तिथे थांबायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. दुखलं तर कमी करा. वेदना सोसून ताणण्याचा काही फायदा नाही. गालाच्या स्नायूवर १५ मिनिटं ओला शेक द्या. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा.

खाण्यात काय बदल करायचे?

दुखणं चालू असलेले चार ते सहा आठवडे दाढेने सहज मोडेल असं खा: मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, पिठलं, उपमा, आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ शिजवलेल्या भाज्या, पनीर, अंडी. चिक्की, कडक चकली, भाकरवडी, आख्खा पेरू, च्युइंग गम बाजूला ठेवा. सफरचंद, गाजर बंद करायची गरज नाही. पातळ फोडी करून दाढेने खा. घास लहान, दोन्ही बाजूंनी. त्यानंतर हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे परत या, पातळ पेजेवर महिनोन् महिने राहू नका. प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडलं तर भरून यायचं हाड कशाने भरणार?

गोळ्या आणि इंजेक्शनांचा उपयोग होतो का?

दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या ठरावीक दिवस, नियमित वेळेला, डॉक्टरांनी सांगितल्या तर उपयोगी. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं असतील तर नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढायचं, तपासणीशिवाय महिनोन् महिने मोठ्या मात्रा नकोत. संधिवात असेल तर त्याचं औषध हाच सांध्याचा खरा उपचार. कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक एमएमपी विकरांना दाबतं म्हणून काही तज्ज्ञ देतात. गर्भवती आणि लहान मुलांना ते चालत नाही. हाडं 'घट्ट' करणारी बिस्फॉस्फोनेट शेजारच्या काकूंना दिली म्हणून घेऊ नका, त्यांनी जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो.

सांधा धुणं, म्हणजे आर्थ्रोसेंटेसिस, ही १९९१ पासून वापरात असलेली पद्धत. दोन सुया घालून शंभर मिलीहून जास्त सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट सोडतात, दाहकारक द्रव्यं निघून जातात, चिकटलेली चकती सुटते. तोंड उघडण्यात चांगला फरक पडतो. सांध्यात स्टेरॉइड पुन्हा पुन्हा देणं मात्र टाळावं. त्याने कुर्चा आणि हाड दोन्हीची हानी होऊ शकते.

चावा बिघडलाय, लगेच क्लिपा लावून किंवा दात घासून नीट करता येईल का?

झीज चालू असताना कायमस्वरूपी काहीही करू नका. हा मुद्दा आम्ही सर्वांत जोर देऊन सांगतो, कारण इथे झालेलं नुकसान परत फिरवता येत नाही. कॉन्डाइल खाली बसत असताना दाढा घासून पुढचे दात जुळवले, कॅप बसवल्या, किंवा शस्त्रक्रिया करून जबडा पुढे आणला, तर सहा महिन्यांनी पाया पुन्हा सरकतो आणि चावा पुन्हा उघडतो. घासलेलं एनॅमल गेलं ते गेलंच. क्लिपांसोबतचे दोन जबड्यांमधले जोरकस रबर बँडही या काळात सांध्यावर भार टाकतात. क्लिपा चालू असताना झीज लक्षात आली तर तार निष्क्रिय ठेवून, रबर बँड काढून थांबता येतं.

किमान वर्षभर चावा स्थिर, सीबीसीटीवर कड अखंड, आधीच्या चित्राशी फरक नाही, असं झालं की मग क्लिपा, दातांचं काम किंवा शस्त्रक्रियेचा विचार. अनेक शल्यविशारद दोन वर्षंही थांबतात. शस्त्रक्रियेत जबडा जितका जास्त पुढे आणायचा, विशेषतः १० मिमीच्या वर, तितका नंतर पुन्हा झिजण्याचा धोका. झीज फार झालेली असेल किंवा थांबतच नसेल तर टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम आणि पॉलिएथिलीनचा कृत्रिम सांधा बसवतात. तो पहिला पर्याय नसतो, पण योग्य रुग्णात चांगलं काम देतो.

गेलेलं हाड परत येतं का?

कवच परत येतं, उंची बहुधा नाही. वाढत्या वयातल्या मुलांत काही प्रमाणात भर पडू शकते. मोठ्यांमध्ये उपचाराचं ध्येय झीज थांबवणं, वेदना घालवणं आणि उरलेल्या सांध्यावर नीट चावता येणं हे असतं. बहुतेकांची झीज कधीतरी थांबते. तिथपर्यंत किती हाड वाचवता येतं, हाच प्रश्न असतो.

कोणत्या लक्षणांना वाट पाहू नये?

स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये बसत नाहीत आणि आदल्या दिवशी बसत होती, कानापुढे सूज, ताप, लाली, हनुवटी बधिर, अपघातानंतर चावा बदललेला: त्याच दिवशी दाखवा. पन्नाशीपुढच्या व्यक्तीला चावताना जबडा दुखून येत असेल, कानशिलात ठणका आणि नजर अंधूक होत असेल, तर तो सांधा नसून कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो. दृष्टी वाचवायची तर तास महत्त्वाचे असतात, थेट रुग्णालयात जा. चढ चढताना जबडा, खांदा दुखून घाम फुटत असेल तर १०८ ला फोन करा.

पहिल्या भेटीला काय घेऊन जावं?

जुने ओपीजी, क्लिपांच्या आधीची चित्रं आणि दातांचे साचे असतील तर ते. सीबीसीटीची फक्त छापील फिल्म नको, डायकॉम फायली (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह. चालू औषधांची यादी. आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला, गाल बाजूला ओढून, दात मिटून काढलेले पुढून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो. फोनच्या अंतरात फरक पडू नये म्हणून फोन कपाटाच्या त्याच फळीवर टेकवा आणि हनुवटीखाली पट्टी धरा. पुढच्या दातांतली फट वाढते आहे की तशीच आहे, हे त्या पट्टीवर मोजता येतं.